उठबस

काही मराठी शब्दांचा अर्थ परप्रांती नोकरी केल्याखेरीज पुरता उमगत नाही. ‘उठबस’ हा त्यांपैकी एक होय. गावी असताना तो शब्द आम्हांस लग्नकार्यापुरताच ठाऊक होता. मांडवात पाहुण्यांची उठबस कोणी करावयाची, एवढाच त्याचा व्याप. पुढे बदलीचा हुकूम हाती पडतो, अनोळखी शहर वाट्याला येते, आणि सरकारी घर मिळेपर्यंत कोणाच्या तरी बिऱ्हाडी राहणे प्राप्त होते. तेव्हा हा शब्द खऱ्या अर्थाने भेटतो. भारतातील बहुतेक मोठ्या शहरांत असे एखादे मराठी घर असतेच. नव्याने रुजू झालेला अधिकारी तेथे पहिले चार दिवस जेवतो, त्याची पत्नी तेथेच दूधवाल्याशी हिंदीत भांडावयास शिकते, आणि गौरी-गणपतीच्या दिवसांत त्या घराच्या दाराशी चपलांचा ढीग पडतो. हे सारे ज्यांच्या जिवावर चालते, त्या घरच्या वहिनींचे नाव कोणत्याही मंडळाच्या अहवालात येत नाही. त्या केवळ उठबस करीत असतात.

शब्दाची गंमत अशी की, दुसऱ्याची उठबस करणाऱ्यास आधी स्वतःला उठता-बसता यावे लागते. ही गोष्ट इतकी उघड आहे की, ती सहसा कोणाच्या मनात येत नाही. दिल्लीतील अशाच एका घरी २०१८ सालच्या दिवाळीत ती आम्हां सर्वांच्या मनात आली. वहिनींनी नेहमीप्रमाणे फराळाला बोलावले होते. पण ताटे घेऊन अण्णाच बाहेर आले. वहिनी आतल्या खोलीत कुशीवर पडून होत्या. उठावयास गेले की पाठीत सुरी फिरल्यासारखे होई, आणि बसल्यावर पाच मिनिटेही निभत नसत. सात वर्षांपूर्वी त्यांच्या स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली होती. त्यानंतर गोळ्या चालू होत्या, आणि तो अध्याय संपला अशा समजुतीत सारे घर नांदत होते. तपासणीत दिसले की रोग संपला नव्हता, मणक्यांत उतरला होता. पाठीचा बारावा आणि कमरेचा पहिला, असे लागोपाठचे दोन मणके खचले होते.

मणका बाहेरून भरीव ठोकळ्यासारखा दिसतो. परंतु आतून तो स्पंजाप्रमाणे जाळीदार असतो, आणि त्या जाळीतून रक्त सतत खेळत असते. देहात एके ठिकाणी उपजलेला कर्करोग रक्तावाटे हाडांत जाऊन बसतो, तेव्हा त्याला कण्याएवढी आवडती दुसरी जागा नाही. १९४० साली बॅटसन नावाच्या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने दाखवून दिले की, कण्याभोवतालच्या शिरांच्या जाळ्यास झडपा नसतात. त्यामुळे खोकताना वा कुंथताना पोटातील दाब वाढला की तेथील रक्त उलट दिशेनेही वाहू शकते. स्तन, प्रोस्टेट, फुफ्फुस, मूत्रपिंड आणि थायरॉइड या अवयवांचे कर्करोग हाडांत उतरण्याविषयी विशेष प्रसिद्ध आहेत. पुढचा प्रकार वाळवी लागलेल्या तुळईसारखा होतो. वरून ती जशीच्या तशी दिसते, आणि एके दिवशी नेहमीचाच भार पडला असता खचते. वहिनींच्या बाबतीत तो भार म्हणजे पाण्याने अर्धी भरलेली एक बादली होती.

अशा मणक्याची वेदना दोन प्रकारची असते. एक गाठीची; ती अहोरात्र ठुसठुसते आणि रात्री अधिक छळते. दुसरी मोडीची, ती निजल्यावर निवते, आणि उठावे, बसावे, कूस पालटावी की उसळून येते. वहिनींना ही दुसरी वेदना अधिक होती. त्यावर मॉर्फिन दिले जात होते. मॉर्फिन हे थोर औषध आहे. परंतु पडल्या जागी सुखाने पडू देणे वेगळे आणि उठून बसविणे वेगळे. उठतानाची कळ मारण्याइतकी मात्रा वाढवली की ग्लानी येई, आणि मग उठावयाचे कोणी हाच प्रश्न उरे. दुसरा मार्ग किरणोपचाराचा. रुग्णालयाच्या बोलीत त्यास ‘शेक’ म्हणतात. त्याने गाठ आवळते आणि वेदना उतरते; पण त्यास काही आठवडे लागतात, आणि खचलेला मणका त्याने तत्काळ सावरत नाही. तिसरा मार्ग सळ्या आणि स्क्रू घालण्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेचा. तो वहिनींच्या प्रकृतीस झेपणारा नव्हता. डॉक्टरांनी चौथा मार्ग सुचविला. कातडीतून एक जाड सुई थेट मणक्यात घालावयाची आणि तीतून हाडांचे सिमेंट आत भरावयाचे.

अण्णांची हयात लेखापरीक्षा खात्यात गेलेली. त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला, जो आपल्यापैकी कोणीही विचारला असता. ‘‘याने आयुष्य किती वाढेल?’’

डॉक्टर स्पष्टवक्ते होते. ‘‘याने आयुष्य वाढेल असे मी म्हणणार नाही,’’ ते म्हणाले. ‘‘हा उपाय रोगावर नाही, मणक्यावर आहे.’’

या उत्तराने घरात दोन तट पडले. पुण्याच्या नातेवाइकांचे दूरध्वनी येऊ लागले. रोग जर बरा होत नाही, तर बाईंच्या मागे ही टोचाटोची कशासाठी, असे एकांचे म्हणणे. आणि खर्चाचा विचार कोणी बोलून दाखविला नाही तरी तो बोलण्याच्या कडेकडेने वावरत होता. वहिनी दोन दिवस सर्वांचे ऐकत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी आम्हांला जवळ बोलावले आणि म्हणाल्या, ‘‘भाऊजी, तुमचं हिंदी बरं आहे. त्या डॉक्टरांना एवढंच विचारा, मला ताटावर बसता येईल का?’’

आम्ही विचारले. डॉक्टर हसले नाहीत. ते वहिनींपाशी जाऊन हिंदीतच म्हणाले, ‘‘माताजी, बहुतेक येईल.’’ निर्णय तेथेच झाला.

सिमेंट हा शब्द ऐकून अण्णा थोडे दचकले होते. सरकारी घरांच्या गळक्या छतांची डागडुजी त्यांनी उभा जन्म पाहिली होती. परंतु हे सिमेंट चुन्या-मातीचे नव्हे. त्याचे शास्त्रीय नाव पॉलिमिथिल मेथाक्रिलेट. १९३० नंतरच्या दशकात काचेऐवजी वापरावयाचा पारदर्शक पदार्थ म्हणून ते पुढे आले. विमानांच्या छतांत आणि दातांच्या कवळ्यांत ते वापरले जाऊ लागले. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांची अशी छते फुटून त्यांच्या कपच्या वैमानिकांच्या डोळ्यांत शिरल्या. हॅरल्ड रिडली या इंग्रज नेत्रविशारदाच्या ध्यानात आले की, डोळा या कपच्यांना विरोध करीत नाही. आणि त्या निरीक्षणातून त्यांनी १९४९ साली लंडनमध्ये डोळ्यात पहिले कृत्रिम भिंग बसविले. पुढे १९५८ पासून जॉन चार्नली यांनी कृत्रिम खुबा हाडात पक्का करण्यासाठी हाच पदार्थ हाती घेतला. हे सिमेंट डिंकाप्रमाणे चिकटत नाही, तर हाडाच्या बारीकसारीक पोकळ्यांत शिरून घट्ट बसते आणि भार वाटून देते, ही गोष्ट चार्नली यांनी आवर्जून मांडली. आपल्याकडचा गवंडी दगडी भिंतीच्या दरजा भरतो, त्या कामाशी याचे नाते अधिक जवळचे आहे.

मणक्यात मात्र ते सुईने भरण्याचा पहिला प्रयोग १९८४ साली फ्रान्समधील आमियां या गावी झाला. गालिबेर आणि देरामों या डॉक्टरांपुढे ५४ वर्षांची एक स्त्री आली होती. तिच्या मानेच्या दुसऱ्या मणक्यात रक्तवाहिन्यांची गाठ होऊन त्याने हाड पोखरले होते, आणि मान असह्य दुखत होती. त्यांनी त्या पोकळीत सुईवाटे सिमेंट भरले आणि तिचे दुखणे थांबले. १९८७ साली त्यांनी हा वृत्तांत प्रसिद्ध केला. पुढे कर्करोगाने पोखरलेल्या आणि वार्धक्याने ठिसूळ झालेल्या मणक्यांसाठीही हा उपाय जगभर होऊ लागला. १९९८ पासून त्यात एक भर पडली. सिमेंट घालण्यापूर्वी मणक्यात एक इवलासा फुगा फुगवून, खचलेला भाग शक्य तितका उचलून जागा करून घ्यावयाची, आणि मग ती भरावयाची.

नोव्हेंबरच्या अखेरीस वहिनींवर हा उपचार झाला. त्यांस पालथे निजविले. त्यांच्या मते सर्वांत कठीण भाग तोच होता. गुंगीचे थोडे औषध आणि पाठीवर बधिरतेचे इंजेक्शन, एवढ्यावर सारे काम झाले. क्ष-किरणांचे यंत्र दोन दिशांनी चित्र दाखवीत असते. मणक्याच्या मागील अंगास दोन आखूड खांब असतात. त्यांतील एकातून सुई हळूहळू पुढे सरकवितात, आणि हाड कठीण लागले तर लहानशा हातोडीने ठोकतात. वहिनी नंतर म्हणाल्या, ‘‘कोणी भिंतीत खिळा ठोकतंय असं वाटलं. नंतर कळलं की भिंत मीच.’’ सुई जागी पोचली की एक भुकटी आणि एक द्रव मिसळून सिमेंट कालवितात. त्याचा वास उग्र असतो. ते आधी पातळ असते, मग दात घासण्याच्या पेस्टइतके दाट होते. आणि त्याच अवस्थेत, घाई न करता, ते आत ढकलावयाचे असते. पडद्यावर दिसावे म्हणून त्यात बेरियम सल्फेट घातलेले असते. त्याच्या वाटेवर डॉक्टरांची नजर खिळलेली असते. कारण ते मागे पाठीच्या नळीत सरकले तर मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो, आणि शिरेत शिरले तर फुफ्फुसापर्यंत जाऊ शकते. थोडे सिमेंट इकडेतिकडे झिरपणे नित्याचे आहे आणि त्याने बहुधा काही बिघडत नाही. परंतु मोठी गळती विरळा असली तरी घातक असते. वहिनींच्या प्रत्येक मणक्यात चार-पाच मिलिलिटर, म्हणजे चहाच्या चमच्याएवढे सिमेंट गेले. तासाभरात काम आटोपले. नंतर दोन तास त्यांस उताणे निजवून ठेवले. तेवढ्यात चमचाभर सिमेंटचा दगड झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी बिछान्याच्या कडेला पाय सोडून बसल्या. दुखणे पार गेले असे नव्हे. दहापैकी नऊ असे जे त्या सांगत, ते तीनवर आले होते. तिसऱ्या दिवशी त्या कोणाचा हात न धरता स्नानगृहापर्यंत जाऊन आल्या. ज्यांच्या घरी असे दुखणाईत माणूस झाले आहे, त्यांना हे वाक्य किती मोठे आहे ते सांगावयास नको. पुढे मणक्यातील गाठीसाठी दहा वेळा शेक दिले गेले. कारण सिमेंट भार पेलते, रोग रोखीत नाही. मॉर्फिनची मात्रा बरीच उतरली. त्या हिवाळ्यात वहिनी सज्जात उन्हाला बसून मटार सोलीत. जानेवारीत अमरावतीकडचा एक तरुण अधिकारी नव्याने रुजू झाला. त्याला त्यांनी जेवावयास बोलाविले. स्वयंपाक अण्णांनी आणि आमच्या घरच्या मंडळींनी केला; वहिनी ताटावर बसल्या आणि त्याला आग्रह करकरून वाढावयास लावले. त्यांना घडल्या गोष्टीची वाच्यता नको होती, म्हणून त्या तरुणास काही सांगितले गेले नाही. आपले यजमान आजारी आहेत, अशी शंका त्यास शेवटपर्यंत आली नाही.

२०१९ च्या जुलैत त्या गेल्या. अखेरचे तीन आठवडे त्यांनी पुन्हा अंथरूण धरले. पण ते पाठीमुळे नव्हे, रोग यकृतात पसरल्यामुळे. उपचारानंतर एकूण साडेसात महिने मिळाले. उपचार केला नसता तरीही कदाचित तेवढेच मिळाले असते.

मग उपचाराने काय साधले, हा लेखापरीक्षकाचा प्रश्न उरतोच. आणि तो टाळण्याजोगा नाही. वैद्यकशास्त्रानेही तो टाळलेला नाही. २००९ साली या उपचाराच्या दोन कठोर परीक्षा प्रसिद्ध झाल्या. त्या कर्करोगाच्या नव्हे, ठिसूळ हाडांच्या रुग्णांवरील होत्या. काहींवर खरा उपचार केला आणि काहींवर त्याचा केवळ देखावा. त्यांतील एका परीक्षेत देखावा इतका हुबेहूब होता की, सिमेंटची बाटली खोलीत उघडून त्याचा उग्र वासही रुग्णास दिला जाई. दोन्ही गटांच्या वेदना सारख्याच उतरल्या. यामुळे या उपचाराच्या भक्तांची चांगलीच तारांबळ उडाली, आणि ते योग्यच झाले. कारण वेदना ही मनाच्या आशेलाही दाद देते. कर्करोगाच्या रुग्णांची निराळी परीक्षा २०११ साली प्रसिद्ध झाली. तीत १३४ रुग्ण होते, आणि उपचार फुग्याच्या पद्धतीचा होता. काहींना तो लगेच दिला, काहींना नेहमीच्याच उपायांवर ठेवले. येथे देखाव्याची योजना नव्हती, ही तिची मर्यादा ध्यानात ठेवावी. पण तीत मोजले काय, हे आम्हांस अधिक मोलाचे वाटते.

त्यांनी महिने मोजले नाहीत. १९८३ साली तयार झालेली २४ विधानांची एक यादी त्यांनी रुग्णांपुढे ठेवली. पाठीमुळे मी घराबाहेर पडत नाही, कपडे करावयास वेळ लागतो, खुर्चीतून उठणे जड जाते, दिवसाचा बराच वेळ पडून असतो, अशा धर्तीची ती विधाने आहेत. जितक्यांना होकार, तितके गुण. आणि जितके गुण जास्त, तितका माणूस पंगू. उपचार झालेल्या गटाची सरासरी एका महिन्यात १७.६ वरून ९.१ वर आली. दुसऱ्या गटाची १८.२ होती, ती १८.० राहिली. आम्ही ती यादी प्रथम वाचली, तेव्हा जाणवले की या विद्वानांनी नकळत आमच्या मराठी शब्दाचेच माप तयार केले आहे. त्यांनी माणसाची उठबस मोजली होती.

आमची भाषा रोगाला ‘दुखणे’ म्हणते आणि वेदनेलाही ‘दुखणे’च म्हणते. बहुतेक वेळा याने काही अडत नाही. रोग गेला की वेदना जाते, आणि माणूस दुखण्यातून उठला असे आपण म्हणतो. पण रोग न जाणारा असला की एकाच शब्दात कोंबलेले हे दोन अर्थ आपला घात करतात. मोठे दुखणे हटणारे नाही, एवढे कळले की धाकटे दुखणेही हटणारे नाही असे धरून आपण हात जोडतो. वहिनी एका अर्थाने दुखण्यातून उठल्या नाहीत; दुसऱ्या अर्थाने उठल्या. साडेसात महिने त्या उठत होत्या आणि बसत होत्या.

ही फारकत आपल्या राज्यकारभारासही जड गेली आहे. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश येथील शेतांत सरकारी परवान्याने अफू पिकते. मॉर्फिन त्याच अफूतून निघते. तरीही १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्यानंतर रुग्णालयांना ते मिळविण्यासाठी निरनिराळ्या परवान्यांचे इतके उंबरठे झिजवावे लागत की, कित्येकांनी तो नादच सोडला. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन ही वाट पुष्कळ सुकर झाली. व्यसनी माणसाच्या हाती औषध पडू नये, या रास्त काळजीपोटी ते तळमळणाऱ्याच्या हातीही पडू नये, अशी तजवीज जवळजवळ तीन दशके चालली. ती कोणी दुष्टपणाने केलेली नव्हती. रोगाच्या रकान्यापुढे वेदनेचा रकाना नव्हता, एवढेच. आपल्या घरांतही तो रकाना सहसा नसतो.

या उपचाराची थोरवी गाण्याचा आमचा हेतू नाही. तो सर्वांना लागू पडत नाही. मणक्याची मागची भिंत कोसळून गाठ मज्जारज्जूवर चढली असेल, रक्त गोठण्यात दोष असेल वा कोठे जंतुसंसर्ग असेल, तर डॉक्टर तो टाळतात किंवा फार जपून करतात. ज्यास पूर्वी कर्करोग होऊन गेला आहे त्याची पाठ नव्याने दुखू लागली, तर ती वयाची म्हणून सोडून देऊ नये. आणि पायांतील बळ कमी झाले, बधिरता आली किंवा लघवीवरील ताबा गेला, तर सिमेंटची चर्चा करीत न बसता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, कारण तेथे तासांचा हिशेब असतो.

आपण मंडळी गावापासून दूर असतो. असा प्रसंग आला म्हणजे भोवती सल्ला देणारे वडीलधारे नसतात, डॉक्टरांची भाषा आपली नसते, आणि गावाकडचे दूरध्वनी एकच प्रश्न विचारीत राहतात. ‘किती दिवस?’ हा प्रश्न अवश्य विचारावा. त्यात गैर काही नाही. पण त्याच्या पाठोपाठ वहिनींचा प्रश्नही विचारावा, आणि तोही ज्याचे दुखणे आहे त्याच्याच तोंडून आधी ऐकून घ्यावा. कोणाला ताटावर बसावयाचे असेल, कोणाला देवापुढे, कोणाला नुसतेच खिडकीशी. पहिल्या प्रश्नाला उत्तर देताना भलेभले डॉक्टर चाचरतात. दुसऱ्याचे उत्तर बहुधा सरळ मिळते.